हळदीच्या कॅसेटची दुसरी बाजू

माझं अक्षर वाईट आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली. घरातलं कोणी हे वाचलंच तर सांभाळून घ्या. वन्संना जाऊन महिना उलटला. त्यांच्याबद्दल तोंडाने सांगणं जमत नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या सकाळी मी चालायला जायचं म्हणून चपला घालून गेटाशी उभी होते. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, हिराबाई. रोज माझ्या आधी येऊन माझीच वाट बघायच्या. त्या दिवशी त्यांच्याऐवजी त्यांचा महेश आला. गाडी बंद केली, पण उतरला नाही. "मामी, आई उठलीच नाही," म्हणाला. मी म्हटलं, झोपू दे रे आज... मग त्याचं तोंड पाहिलं.

पन्नाशी जवळ आली तशी मला साखर निघाली. वजन एवढं वाढलेलं की जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, चाला, नाहीतर इंजेक्शन सुरू करावं लागेल. माझ्या आईचे डोळे याच रोगाने गेलेले. भीती होती, पण लाज त्याहून मोठी. गणपती विसर्जनाच्या तळ्याभोवती बूट घालून फिरणाऱ्या बायकांमध्ये मी साडी नेसून काय जाऊ? मी घरातच बसून राहिले.

तेव्हा वन्संनी माझ्या लग्नातली कॅसेट शोधून काढली. आमच्या आगरी लग्नांत हळद लावताना म्हातारी धवलारीण धवले गाते, ते दिरांनी टेपवर घेतलेले. महेशने ती कॅसेट मोबाईलमध्ये भरून आणली. वन्संनी मोबाईल बटव्यात घातला, बटवा कमरेला खोचला आणि मला म्हणाल्या, "चल गो कमळे. तुझ्याच लग्नाला यायला तुला लाज?"

गाणी ऐकली आणि माझे पाय निघाले. पण धवले किती संथ... आम्ही त्यांच्याच चालीने चालायचो. काठी टेकत जाणारे एक आजोबा रोज आम्हाला मागे टाकायचे. वर हळदीची गाणी कानात गेली की हळदीच्या जेवणाची भूक लागायची. घरी येऊन वन्सं तांदळाचे वडे तळायला घ्यायच्या, मी बसून खायची. पुढच्या खेपेला वजन काट्यावर वाढलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चालून आल्यावर काय खाता? मी मान खाली घातली. वन्संनी सरळ सांगितलं, वडे, कधी बरोबर मटण. बाईंना हसू आवरेना. मग म्हणाल्या, वडे बंद, आणि जरा जोरात वाजणारं काहीतरी लावा.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला वरातीचा बेंजो होता. तो लागला की वन्संचा पदर आपोआप खोचला जायचा. साठीच्या बाईच्या कमरेतून बेंजो वाजतोय म्हणून तळ्यावरची पोरं विचारायची, काकी, लग्न कोणाचं? वन्सं न थांबता म्हणायच्या, "हिचं. वरात अजून पोचली नाही." मी पदराआड तोंड लपवायची, पण पाय थांबायचे नाहीत. हळूहळू ब्लाउज सैल झाले. एक दिवस काठीवाले आजोबा आमच्या मागे राहिले, तेव्हा वन्संनी वळून त्यांना नमस्कार केला.

त्या बाजूला एका ठिकाणी बेंजो थांबतो. वरात आमच्या दारात आलेली, मला सगळ्यांनी नाचवलेलं. तिथे वन्संचा तरुणपणीचा आवाज येतो, "दमलीस का गो?" पुढे मी काहीतरी बोलले असणार, पण ऐकू येत नाही. नवी नवरी, आवाज घशातच राहिला. वन्सं दर वेळी विचारायच्या, काय म्हणालीस गो तेव्हा? मला आठवायचं नाही. म्हणायच्या, एवढं हळू बोललीस की टेपलासुद्धा कळलं नाही.

बाराव्याला महेशने ती कॅसेट माझ्या मोबाईलमध्ये घालून दिली. मी लावली नाही. तो आवाज आला तर मी काय करू? चालणं सुटलं, गोळ्यांवर साखर आटोक्यात राहीना. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, त्या येत नाहीत का हल्ली? मी मानेनेच नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गेटाशी थांबले नाही. मोबाईल कमरेला खोचला आणि एकटी तळ्यावर गेले. बेंजो सुरू झाला. सवयीने मी कठड्याकडची बाजू वन्संसाठी सोडून चालत होते. पोरांनी आज काही विचारलं नाही. बेंजो थांबला आणि वन्संनी विचारलं, "दमलीस का गो?"

"नाही वन्सं," मी म्हटलं.

पुढे चाललेल्या दोघी बायकांनी मागे वळून पाहिलं, एवढ्या मोठ्याने.