दारातला पेपर

आमच्या घरमालकांसारखा निधड्या छातीचा भित्रा माणूस उभ्या चेन्नईत दुसरा सापडायचा नाही. माणसांपैकी ते कोणालाही भीत नाहीत. गल्लीच्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी असोत, वीज खात्याचा माणूस असो, नाहीतर तंजावरला राहणारी त्यांची थोरली बहीण असो, सगळ्यांपुढे मान ताठ. पण थंडीला भितात. शेवाळलेल्या पायरीला भितात, गीझरच्या बटणाला भितात, कोपऱ्यावरच्या गटाराच्या झाकणाला भितात आणि कुंडीखालच्या बशीत साठलेल्या चमचाभर पाण्याला तर असे भितात की आत मगर असावी. पावसाळा इथे दिवाळीच्या आगेमागे येतो आणि त्याच्या शेपटीला धरून मार्गळी, म्हणजे इथला मार्गशीर्ष. तेवढ्या दिवसांत ते कानटोपी, कानटोपीवर मफलर आणि पायात मोजे अशा वेशात वावरतात. मी नाशिकची. ज्या हवेला आम्ही नाशकात ‘आज जरा उकडतंय’ म्हणतो, त्या हवेत हे गृहस्थ काश्मीरच्या सरहद्दीवर निघाल्यासारखे दूध आणायला निघतात. इथे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हसत हसत म्हणाले होते की मामा, चेन्नईत कुठली आलीय थंडी. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले.

अंबत्तूरच्या ऑफिसात माझी बदली झाली आणि टी. नगरच्या मागच्या एका जुन्या गल्लीत त्यांच्या घराचा वरचा मजला मला मिळाला. मिळाला तो मराठीच्या जोरावर. त्यांचे पूर्वज तंजावरचे, कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून तिकडे गेलेले. ते स्वतः बँकेत नोकरी करून इथेच निवृत्त झाले. त्यांची मराठी ऐकताना आपलीच पणजी तमिळ चालीत बोलतेय असं वाटतं. सगळं या शब्दाला ते ‘अस्क’ म्हणतात, चांगल्याला ‘बेष’, आणि जेवतोय म्हणायचं तर ‘जेवालागलों’. माझी मराठी त्यांना पसंत नव्हती. वर्तमानपत्रातली वाटते म्हणायचे. गंमत अशी की पुढे वर्तमानपत्र काढलं ते त्यांनीच.

मी राहायला आले तेव्हा त्यांच्या पत्नी, मामी, नुकत्याच वारल्या होत्या. मी त्यांना पाहिलं नाही. मी पाहिली ती त्यांची रिकामी जागा, आणि तीही घरात नव्हे, दारात. मार्गळीत इथल्या बायका उजाडायच्या आत उठून अंगण सारवतात किंवा धुतात आणि तांदळाच्या पिठाची भलीमोठी रांगोळी काढतात. तिला कोलम म्हणतात. सगळी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी होते. फक्त आमच्या दारातली फरशी कोरी. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी वर्षभर कोलम काढायचं नाही असा त्यांच्या घराण्याचा रिवाज होता. जाणारे-येणारे त्या कोऱ्या फरशीकडे बघायचे आणि आवाज खाली करायचे. घरमालकांना ते आवाज खाली करणंच सहन होईना. मामींनी उभ्या आयुष्यात दार कधी कोरं ठेवलं नव्हतं.

एके दिवशी पहाटे मी बससाठी खाली उतरले तर कानटोपी घातलेली एक आकृती दारात उकिडवी बसलेली. हातात नारळाची करवंटी, करवंटीत पीठ. फरशी स्वच्छ धुतलेली आणि तिच्यावर तमिळमध्ये मोठमोठी अक्षरं. मी घाबरून विचारलं की मामा, अजून वर्ष व्हायचंय ना, चालतं का हे. त्यांनी वर न बघता सांगितलं, “हे कोलम नव्हे पोरी. हे पेपर. पेपराला सुतक नाही.”

असा तो पेपर सुरू झाला. रोज पहाटे निघायचा आणि ऊन चढेपर्यंत मुंग्या, चिमण्या आणि स्कूटरी मिळून तो संपवायच्या. वर हवामान, मध्ये थंडी-पावसात घ्यायची काळजी, खाली गल्लीच्या बातम्या. आणि मला तेव्हा तमिळ वाचता येत नव्हतं म्हणून अगदी शेवटची एक ओळ माझ्यासाठी मराठीत; वरचं सगळं ते बोट ठेवून मला तोंडी सांगायचे. पाण्याचा टँकर उशिरा येणार. देवळात उद्या गरम पोंगल, येताना डबा आणावा. कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलीला पाहायला पाहुणे येत आहेत, त्या बाजूला कुत्री हाकलू नयेत. काळजीच्या सूचना मात्र विचित्र असायच्या. कान झाका, ओल्या चपलेने पायरी चढू नका, इथवर ठीक होतं. पण ‘उजव्या गुडघ्यावर भार देऊ नका’ ही सूचना साऱ्या गल्लीला कशासाठी? ‘खिशात रुमाल आहे का बघा’ कशासाठी? दूधवाला रोज सायकल थांबवून वाचायचा आणि खरोखर खिसा चाचपायचा. फुलवाली आजी दोन्ही गुडघे धडधाकट असूनही आमच्या दारापुरती डावा पाय दाबून चालायची.

पेपर खरा निघायचाच असंही नाही. एकदा त्यांनी लिहिलं की उद्या मोठं वादळ, दूध आणि मेणबत्त्या आणून ठेवा. गल्लीने हे मनावर घेतलं. दुकानातलं दूध, ब्रेड, मेणबत्त्या, सगळं उचललं गेलं. दुसऱ्या दिवशी असं लख्ख ऊन पडलं की गच्च्यांवर वाळवणं आली. पेपर चूक कबूल करतो का हे बघायला मी मुद्दाम लवकर उतरले. फरशीवर लिहिलं होतं की आपली तयारी पाहून वादळाने बेत बदलला आहे.

सेक्रेटरींना हा प्रकार बघवेना. ते शिकलेसवरलेले, टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी येऊन नीट समजावलं की गल्लीचा मोबाइलवर ग्रुप आहे, सूचना तिथे टाकाव्यात, रस्त्यावर पीठ सांडू नये. घरमालकांनी त्यांना आत बसवलं, कॉफी दिली आणि विचारलं की तुमच्या ग्रुपवर आज सकाळी काय होतं. सेक्रेटरींनी फोन काढून बघितलं. गुलाबाची फुलं होती आणि सुप्रभात होतं. घरमालक फक्त बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात हवामानाच्याही वर बातमी होती की सेक्रेटरी काल घरी येऊन गेले, त्यांना सर्दी झाली आहे, कान झाकत नाहीत.

भोगीच्या दिवशी तर त्यांनी कमाल केली. आपल्याकडे भोगी म्हणजे तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. इथे त्या पहाटे घरातलं जुनं सामान दारात जाळतात. गल्लीच्या टोकाला तरुण मंडळींनी टायर रचून ठेवले होते. टायर जळले की धूर असा कोंदतो की समोरची बस दिसत नाही आणि म्हातारी माणसं दिवसभर खोकतात. पेपरात तीन दिवस त्यावर अग्रलेख आले. कोणी ऐकलं नाही. तेव्हा भोगीच्या पहाटे घरमालक कानटोपी-मफलरासकट जाऊन त्या टायरांच्या ढिगावर बसले. मंडळींनी विनवलं, दटावलं, सेक्रेटरींना बोलावून आणलं. घरमालक वरूनच म्हणाले की आज जुनं सामान जाळायचं ना, मग मीही जुनाच आहे, लावा काडी. पोरांच्या आया धावत आल्या आणि आपापल्या पोराला बखोटीला धरून घेऊन गेल्या. त्या वर्षी आमच्या गल्लीने एक फाटकी चटई आणि एक मोडकी केरसुणी एवढंच जाळलं. मी त्या दिवशी बस सोडून दिली आणि त्यांच्यासोबत चालत घरी आले. इतका अभिमान मला माझ्या बॉसचा कधी वाटला नाही.

फक्त एक माणूस त्यांना पुरून उरेल असं मला वाटायचं, त्या म्हणजे तंजावरच्या आक्का. त्यांचा फोन येई तेव्हा घरमालक तो कानापासून हातभर लांब धरत आणि तरी मला वरच्या मजल्यावर शब्द न् शब्द कळे. दारात पीठ सांडून तू घराची शोभा करतोयस, लोक हसतायत, बायको जाऊन वर्ष नाही झालं. घरमालक शांतपणे सांगायचे की पेपराला सुतक नाही. शेवटी आक्कांनी ठणकावलं की वर्षश्राद्धाला मी येते, त्यानंतर दारात रीतीप्रमाणे कोलम होईल आणि हा खेळ बंद. घरमालकांनी फोन ठेवला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

यंदाच्या दिवाळीनंतर आक्का आल्या. भावापेक्षा बुटक्या, आवाजाने तिप्पट. वर्षश्राद्ध झालं, भटजी गेले, मलाही पानावर बसवलं होतं. जेवणं झाल्यावर आक्कांनी मला स्वयंपाकघरात घेऊन विचारलं की तो लिहितो तरी काय. मी आठवेल तसं सांगत गेले. कान झाका. ओल्या चपलेने पायरी चढू नका. रुमाल घेतला का. उजव्या गुडघ्यावर भार नको. गटाराच्या झाकणावर पाय देऊ नका. आक्का आधी हसत होत्या. मग हसायच्या थांबल्या.

त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी चाटच पडले. हा माणूस मुळात कशालाच भ्यायचा नाही. मार्गळीत थंड पाण्याने अंघोळ करायचा, वादळात सायकल काढायचा. असाच एका पावसात त्या गटाराच्या झाकणावरून घसरला आणि उजवा गुडघा फोडून घेतला. टोपी कधी डोक्याला लागली नाही. भिणाऱ्या होत्या त्या मामी. त्याच रोज दारापर्यंत मागे येऊन हे सगळं ओरडायच्या. कानटोपीही त्यांनीच विणून ठेवलेली, घडी न मोडता पडून होती. म्हणजे मी वर्षभर ज्या भीतीला हसत होते ती मामींची होती. घरमालकांची स्वतःची म्हणावी अशी फक्त छाती.

घरमालक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते ते आम्हाला कळलं नाही. ते आक्कांजवळ पाटावर बसले.

“ती सांगालागली की मी चपला घालून निघून जायचा,” ते म्हणाले. “अस्क जन्म. एक गोष्ट ऐकलों नाही. आतां सांगणारी नाही, तर अस्क ऐकू येतें. ऐकू आलेलं मी कुठे ठेवू आक्का? दारांत ठेवालागलों.”

आक्कांनी पदराने भांडी पुसायला घेतली. ती आधीच पुसलेली होती. मला वाटलं आता त्या विरघळल्या, पण त्याही त्याच घराण्यातल्या. शेवटचं भांडं फळीवर ठेवून त्या म्हणाल्या की ते असू दे, वर्ष संपलंय, उद्या दारात कोलम होणार. घरमालक म्हणाले की पेपरही होणार.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उतरले तेव्हा आक्कांनी त्यांच्याही आधी उठून बाजी मारली होती. उंबऱ्यापासून फाटकापर्यंत एवढं प्रचंड, एवढं सुंदर कोलम घातलं होतं की त्यात अनुस्वारालाही जागा उरली नव्हती. घरमालक करवंटी घेऊन बाहेर आले. त्यांनी ते बघितलं. “बेष आहे,” म्हणाले, कोलमाच्या कडेकडेने अंग चोरून फाटकाबाहेर गेले आणि सरळ रस्त्यावर बसले. रात्री पाऊस झालेला, रस्ता ओला, पाय अनवाणी. स्कूटरवाले वळसा घालून जाऊ लागले. ओल्यावर पीठ टिकत नव्हतं, अक्षरं फुटत होती, ते पुन्हा पुन्हा गिरवत होते. मला हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारायची ते कळेना.

आक्का दारात हाताची घडी घालून बघत होत्या. चेहरा रागावलेलाच होता. बऱ्याच वेळाने त्या तशाच रागावलेल्या आवाजात म्हणाल्या, “पुरे झालं तें. आंत ये. काप्पी निवालागली.”

घरमालकांचा हात पिठासकट तसाच थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. साऱ्या गल्लीला वर्षभर कान झाकायला सांगणाऱ्या त्या माणसाला वर्षभरात कोणी आत बोलावलं नव्हतं, मीसुद्धा नाही. मग त्यांनी करवंटी रस्त्यावरच ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि निमूटपणे आत गेले. माझ्यासाठी लिहायची ती शेवटची ओळ त्या दिवशी राहून गेली.

आता मार्गळी चालू आहे. दारात आक्कांचं कोलम असतं आणि फाटकाबाहेर पेपर असतो. दोघं रोज जागेवरून भांडतात, आणि रोज आतून ती हाक येते. मी जिन्यात थांबून ती ऐकते आणि मगच बसला जाते. पोंगल, म्हणजे इथली संक्रांत, झाला की आक्का तंजावरला परत जाणार आहेत. त्यानंतर ती हाक कोणी मारायची, याचा मी बरेच दिवस विचार करते आहे. माझी मराठी त्यांना आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी हाक मारून बघणार आहे.