व्हर्नाबाईंच्या न दिसणाऱ्या ओळी

व्हर्ना टॉलेफसन आमच्या पिकांच्या दवाखान्यात फोन घ्यायच्या. मिनेसोटात हॅल्वर्डल नावाचं गाव, तिथलं शेतकी कॉलेज, आणि त्याच्या तळमजल्यावर आम्ही. लोक रोगट पानं पाकिटात घालून पाठवायचे, मी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून बुरशी ओळखायचे. ज्यांना पाकिटाइतका धीर नसे ते फोन करायचे. एकोणीस वर्षं तो फोन व्हर्नाबाईंच्या कानाला होता.

"टोमॅटो का? पानं खालची की वरची? बरं. पाणी कधी घालता? रोज? मग रोगबिग काही नाही हो, तुम्हीच बुडवताय त्याला!"

समोरचा माणूस ओशाळून हसायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा फोन करायचा.

पंच्याण्णव सालच्या वसंतात कॉलेजनं इंटरनेटवर आपलं ठाण मांडलं. कॉम्प्युटर बघणारा मर्ल महिन्याभरात कॅलिफोर्नियाला नोकरीवर गेला. सर्व्हरचा करडा डबा जागा नाही म्हणून व्हर्नाबाईंच्या टेबलाखाली आला, आणि मर्लनं मागे ठेवलेली त्याची छापील माहितीही त्यांच्याच खणात. आमचे संचालक डॉक्टर ऑर्व्हिल क्नुटसन यांनी त्या सर्व्हरवर पिकांच्या रोगांविषयी स्वतः लिहिलेली सात लांबच लांब पानं चढवली. ती उघडून कोणी वाचल्याचं काही दिसेना.

"लोकांना वाचायचं नसतं डॉक्टर," व्हर्नाबाई म्हणाल्या, "विचारायचं असतं."

"मग तुमचा फोन आहेच की."

"फोनला कान एकच आहे."

त्यांनी मर्लचे कागद घरी नेले. दोन आठवड्यांनी माझ्या टेबलाशी येऊन बसल्या.

"ऐक गं. सर्व्हर म्हणजे काउंटरवरचा कारकून. कागद मागितला की काढून देतो. पण आपण त्याला लिहून देऊ शकतो, की बाबा, अमुक फोल्डरमधलं काही मागितलं तर कागद हातात द्यायचा नाही. कागदावर लिहिलंय तसं करायचं आणि जे उत्तर निघेल ते द्यायचं."

"म्हणजे तुमच्यासारखं."

"माझ्यासारखंच, पण खोकल्याशिवाय."

मग त्या कामाला लागल्या. फॉर्ममध्ये लोकांनी पीक निवडायचं, दुखणं निवडायचं, आणि त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे यंत्रासाठी लिहिलेला तो सूचनांचा कागद, उत्तर देणार. एकोणीस वर्षांचे फोन त्यांनी त्या स्क्रिप्टमध्ये ओतले. पण बटण दाबलं की सर्व्हर नुसता चूक झाली म्हणून सांगायचा. कुठली चूक, ते नाही. आधी फाइलला चालायची परवानगी नव्हती. ती दिली. मग कळलं, उत्तराआधी स्क्रिप्टनं काय पाठवतेय ते एका ओळीत सांगायचं, आणि त्याखाली एक ओळ रिकामी सोडायची. ती रिकामी ओळ सापडायला तीन दिवस गेले.

"काहीच लिहायचं नव्हतं," त्या म्हणाल्या, "आणि तेच माझ्याकडून होईना!"

ज्या दिवशी पडद्यावर "पाणी कमी घाला" असं उमटलं, त्या दिवशी त्यांनी अख्ख्या तळमजल्याला लिंबाच्या वड्या वाटल्या.

आता एक गंमत. स्क्रिप्टमध्ये ओळीच्या सुरुवातीला विशिष्ट खूण केली की यंत्र ती ओळ सोडून देतं. लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी टिपणं ठेवावीत, म्हणून ती सोय. व्हर्नाबाईंनी ती मनसोक्त वापरली होती, आणि त्याचा पत्ता आम्हाला कोणालाच नव्हता.

तीन आठवडे फॉर्म सुरळीत चालला. जूनमध्ये जिल्हा शेतकी मंडळाचे सहा सभासद पाहणीला यायचे होते. आदल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "व्हर्ना, हे सगळं त्या भलत्याच फोल्डरमध्ये कशाला? विभागाच्या नावाचा नवा फोल्डर करा आणि सगळं त्यात हलवा. पत्त्यात आपलं नाव दिसू दे." बाईंनी हलवलं. फॉर्म उघडून बघितला, नीट दिसला. बटण मात्र दाबून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा जण पडद्यासमोर बसले. डॉक्टरांनी भाषण केलं, लिलाक हे फुलझाड निवडलं, "फुलत नाही" निवडलं आणि ऐटीत बटण दाबलं.

पडद्यावर अख्खी स्क्रिप्ट येऊन उभी राहिली. उत्तर नाही, कागदच, बाईंच्या टिपणांसकट.

पहिल्या रांगेत हार्लन ब्रेकी होता, सोयाबीनवाला, आवाज कोठारातून आल्यासारखा. तो चष्मा सावरून मोठ्यानं वाचू लागला. "'लिलाक फुलत नाही. छाटणी चुकीच्या महिन्यात. नवऱ्यानंच केली असणार.' अरेच्चा! माझ्या बायकोनं फोन केला होता की काय?"

मंडळ हसलं. डॉक्टर माउसशी झटापट करायला लागले.

"'शेजाऱ्याच्या तणनाशकाला नावं ठेवण्याआधी स्वतःचा पंप धुतला होता का, ते विचारणे.' हे तुझ्यासाठी, लॉइड," मागच्या सभासदाकडे वळून तो म्हणाला आणि पुढं वाचू लागला, "'मक्याचा हा प्रश्न डॉक्टर क्नुटसनना विचारू नये. हो म्हणायला पाऊण तास घेतात.'"

हसू एकदम थांबलं. सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचे कान बिटासारखे झाले होते. व्हर्नाबाई कॉफीचा थर्मास घेऊन दारात होत्या. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि सरळ टेबलाशी गेल्या.

"सरका डॉक्टर. नव्या फोल्डरचं नाव सर्व्हरला सांगायचं राहिलं. त्याला वाटलं, साधा कागद आहे, दिला."

सर्व्हरच्या नियमांची फाइल उघडून त्यांनी एक ओळ टाइप केली. मग सर्व्हरला नियम पुन्हा वाचायला लावले आणि बटण दाबलं. पडद्यावर सभ्य उत्तर आलं: फुलं ओसरल्यावर लगेच छाटा, उशीर करू नका.

"ते आधीचं बरं होतं," हार्लन म्हणाला. "ते परत लावा."

"हो, तेच लावा!" लॉइड मागून ओरडला.

पाहुणे गेल्यावर डॉक्टर बाईंच्या टेबलाशी आले. मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले, पण काचेवर काहीच ठेवलेलं नव्हतं.

"पाऊण तास, व्हर्ना?"

"चुकलंच माझं, डॉक्टर. तसं लिहायला नको होतं."

"पाऊण तास घेतो मी?"

बाईंनी जरा विचार केला. "मक्याला. गव्हाला कमी लागतो."

डॉक्टर एकाएकी इतके हसले, की टेबलावरच्या पेन्सिली घरंगळल्या. "मक्याची ओळ तेवढी काढा," म्हणाले. "बाकीच्या उत्तरात घाला. माझी सात पानं नाही वाचली कोणी. ही तरी वाचतील."

आणि वाचली. पंप धुण्याचं टिपण कोणीतरी कागदावर छापून धान्यबाजाराच्या दारावर डकवलं. शेजारच्या जिल्ह्यांतले कारकून व्हर्नाबाईंकडे शिकायला येऊ लागले. पहिल्या दिवशी त्या त्यांना एवढंच बजावायच्या, की काहीही हलवलं तर बटण दाबून बघा, नुसतं डोळ्यांनी बघू नका.

ऑक्टोबरात पार पृथ्वीच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावरून एका सफरचंदवाल्याचं पत्र आलं. त्यानं मोहर गळतो म्हणून विचारलं होतं, आणि आमच्या सर्व्हरनं त्याला खडसावलं होतं, की ऑक्टोबरात कसला मोहर, झाडाला झोपू द्या. स्क्रिप्ट महिना बघून बोलायची आणि महिने सगळे मिनेसोटाचे.

"अगं बाई! त्यांच्याकडे आत्ता वसंत की!" व्हर्नाबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्या माणसाला माफीचं लांबलचक पत्र लिहिलं, खुर्ची पुढं ओढली आणि फॉर्ममध्ये सगळ्यात वर नवा प्रश्न घातला: "तुमच्याकडे सध्या उन्हाळा जवळ आलाय की हिवाळा?"

ती ओळ टाइप करताना त्या गुणगुणत होत्या, आणि या खेपेला बटण त्यांनी चार वेळा दाबून बघितलं.