मटाराएवढी गाठ

एमआरआयच्या आधी अननसाचा रस पाजतात, म्हणजे स्वादुपिंड स्वच्छ दिसतं. नेरीना दर मार्चात वेरोनाच्या इस्पितळात जाऊन तो रस पीत होती. तिच्या स्वादुपिंडात पाण्याची एक गाठ होती आणि ती वाढते का, यावर नजर ठेवायची होती. ती कपडे बदलेपर्यंत नवरा सिल्व्हानो डॉक्टरांना भेटून यायचा. अशी बातमी आधी घरच्यांच्याच कानावर घालायची, हे तिथे सगळ्यांनीच धरून चाललेलं.

“तश्शीच आहे, मटाराएवढी,” तो हसत म्हणायचा. “तुझ्यासारखीच हट्टी, हलतच नाही.” मग दोघं कोपऱ्यावर कॉफी प्यायची.

यंदा तिची तपासणी चालू असताना त्याला गाडी हलवावी लागली आणि तो दुसरी जागा शोधत राहिला. नव्या डॉक्टरीणबाईंनी नेरीनालाच आत बोलावलं.

“गेल्या वर्षीच द्राक्षाएवढी झाली होती. ऑपरेशनला तुम्ही नको का म्हणालात?”

“मी?”

“तुमच्या यजमानांनीच तसं कळवलं होतं. अजून वेळ गेलेली नाही, पण आता थांबू नका.”

ती बाहेर आली तेव्हा सिल्व्हानो धापा टाकत पोचला होता. तिचा चेहरा बघून त्याला कळलं.

“माझी बहीण त्याच ऑपरेशनात गेली गं. तुला कसं सांगणार होतो?”

“गेल्या वर्षी, त्याच दिवशी, माझ्यासमोर बसून कॉफी प्यायलास,” नेरीना म्हणाली, “आणि मटार म्हणालास.”

तो दाराकडे वळला. “थांब, मी बोलतो त्यांच्याशी.”

“तू बस इथे.” तिने आपला कोट त्याच्या हातात दिला, आत गेली आणि ऑपरेशनची तारीख मागितली.