पाच जोड, पाच डोकी

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, होड्या दुरुस्त करतात. त्यांचे वडील लाकडाच्या करायचे, हे फायबरच्या करतात. तड्यावर कापड बसवायचं, रसायन फासायचं, वाळलं की पॉलिशपेपरने घासत बसायचं. अंगाला सदा तो उग्र वास. लग्नातच मी ताईला सांगितलं होतं, नवरा चांगला आहे, फक्त वाऱ्याची बाजू बघून बसत जा.

बंदराच्या भिंतीपलीकडे पाण्याखाली खडकाची एक पायरी आहे. लाट तिला ठेचकाळते आणि उभीच्या उभी राहते. आमची माणसं होड्या तिथून लांब वळवून नेतात, आणि सर्फिंगवाले शहाणे मुद्दाम तिथेच जातात. नवशिक्याचं तिथे काम नाही. फळी मोडली की भावोजींकडे आणतात, आणि भावोजी शिव्या घालत ती सांधून देतात. पुढे त्यांची एकुलती एक मुलगीच तिथे जाऊ लागली, तेव्हा शिव्या बंद झाल्या. ती आखूड, मऊ बॉडीबोर्डवर पोटावर पडून लाट घेते.

आमच्याकडे होडीवर चप्पल घालून कोणी जात नाही. चपला भिंतीलगतच्या भावोजींच्या दुकानासमोर, कट्ट्यावर काढायच्या, आल्यावर घालायच्या. सर्फिंगवालेही तसंच करू लागले. कोणी सांगितलं नव्हतं, पण भावोजींनी एक काम अंगावर घेतलं. मधूनमधून घासणं थांबवून बाहेर यायचं, चपलांचे जोड मोजायचे, मग पाण्यातली डोकी मोजायची. जमलं की आत. बावीस वर्षांत मोजणी चुकली नाही असं ते ऐटीत सांगत, आणि मी कितीही थट्टा केली तरी ते खरं होतं.

त्या दुपारी वारा पडलेला होता आणि लाटा मोठ्या होत्या. मी कट्ट्याच्या टोकाला मासे साफ करत होते. भावोजी बाहेर आले. पाच जोड, पाच डोकी. त्यांना चिडवायला म्हणून मीही मोजली आणि म्हटलं, पास झालात. हे मी विसरू शकत नाही. मीही मोजली होती.

मग एकेक करून चौघे बाहेर आले, चपला घालून गेले. एक जोड उरला, भावोजींच्या मुलीचा. पाण्यातही एकच जण उरलं होतं, फळीवर शांत बसलेलं. भावोजी म्हणाले, शेवटची चांगली लाट घेऊन येईल. आम्ही थांबलो. लाट आली, बरोबर तिथेच फुटली, फेस सरला, आणि ते बसलेलं जसंच्या तसं. दुसरी आली, तिसरी आली. तिथली पाण्याची ओढ साधं बूचही जागेवर राहू देत नाही. ते मात्र तसूभर हललं नाही. मला हे दिसलं होतं, पण मी बोलले नाही. अभद्र बोलायला जीभ रेटली नाही.

भावोजींनी हात उंच करून परत बोलावलं. तिकडूनही हात वर झाला. आमच्या जिवात जीव आला. भावोजी आत जाऊन पुन्हा घासायला लागले.

थोड्या वेळाने चौघांतला दाढीवाला आपल्या फळीचा तडा दाखवायला परत आला. मुलगी घरी गेली का, त्याने विचारलं. मगाशी एका लाटेखाली गेली ती त्याला पुन्हा दिसली नव्हती. भावोजींनी समुद्राकडे बोट केलं. ती काय, बसली आहे.

दाढीवाल्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "ती बसेल कशी? तिची फळी आखूड. बसलं तर पाण्याखाली जाते. तेवढं उंच कोणी बसतं का त्यावर?"

ती फळी भावोजींनी स्वतःच्या हाताने तीनदा दुरुस्त केली होती. ती कशावर तरंगते आणि कशाने बुडते, हे त्यांच्याइतकं गावात कोणाला माहीत नव्हतं. आणि तेच विसरले.

आम्ही भिंतीच्या कडेला धावलो. मुलगी भिंतीच्या पायथ्याशीच होती, दुकानासमोर. मनगटाला बांधलेली फळीची दोरी फाटक्या जाळ्यात अडकली होती आणि ती एका हाताने दगड धरून होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हसण्यासाठी, पण मला त्या दिवसापासून त्यावर हसू येत नाही. दाढीवाला माझाच सुरा घेऊन खाली उतरला, दोरी कापली, भावोजींनी तिला वर ओढलं. ओठ काळेनिळे, खांदा निखळलेला. पण श्वास होता. मी भीत भीत खडकाच्या पायरीकडे पाहिलं. पाण्यावर कोणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती नीट बोलली. म्हणाली, "बाबा, मी हात करत होते. तुम्ही माझ्या डोक्यावरून बघत होतात. मग तुम्हीही हात केलात आणि आत गेलात."

भावोजींनी सांगितलं, डोळ्यांवर ऊन होतं. ऊन आमच्या पाठीला होतं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा पाण्यात उतरली. ताई आठवडाभर बोलली नाही, पण पोरगी बापावर गेलेली, ऐकते कुणाचं? भावोजी आता मोजत नाहीत. प्रत्येकाचं नाव विचारून ठेवतात, आणि कट्ट्यावर उभे राहून एकेकाला हाक मारतात. ओ आली की पुढचं नाव. सगळ्यांची नावं घेतात, तिचं घेत नाहीत. तिच्यावरून मात्र नजर काढत नाहीत, दुकान उघडं टाकून तिथेच उभे असतात.

एकदा मी चिडलेच. परक्यांच्या लेकरांना गळा फाटेपर्यंत हाका मारता आणि स्वतःच्या पोरीला एक नाही?

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "हाक मारली आणि दोन ठिकाणांहून ओ आली, तर मी धावू कुणीकडे?"