उलटसुलट जोडी

प्रयोगशाळेत सगळे त्यांना काकू म्हणत. पोरंपोरी पीएचडी करून पांगायची, काकू मात्र मदतनीस म्हणून त्याच टेबलापाशी. शरीरात मेदाम्लं घडवणारं एक थोराड एन्झाइम पेशींमधून काढायचं आणि शुद्ध करायचं, हेच काम त्या तेवीस वर्षं करत आल्या. थंड खोलीत उभं राहून गुडघे कामातून गेले होते. नवरा म्हणायचा, "तू घरात कमी आणि फ्रीजमध्ये जास्त राहतेस."

या एन्झाइमचे दोन अगदी सारखे भाग असतात. ते शेजारी-शेजारी उलटसुलट झोपलेले असतात, एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय, असं तेव्हा सगळी पुस्तकं सांगत. एकाच्या पायाशी लोंबणारी मेदाम्लाची अर्धवट साखळी दुसऱ्याचं डोकं वाढवणार. एकट्याच्या हातून काही व्हायचं नाही. प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांची अर्धी हयात या चित्रावर उभी होती.

तेच पक्कं करायला सरांनी काकूंना प्रयोग दिला. जोडीतला एक भाग पुरता निकामी करायचा, दुसरा धड ठेवायचा. पुस्तकाप्रमाणे अशी जोडी ठप्प व्हायला हवी. पण नळीत मेदाम्ल तयार झालं. थोडंच, पण झालं. काकूंनी सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच. चौथ्या खेपेनंतर त्या वही घेऊन सरांकडे गेल्या.

"सर, धड भाग एकटाच काम करतोय. याचं डोकं याच्याच पायाशी पोचत असणार. ते उलटसुलट नसतील."

"काकू, भांडी नीट धुतली होतीत?"

"चारही वेळा मीच धुतली."

"मग दोन्ही भाग धड असलेल्या जोड्या त्यात राहिल्या असतील. हे बाहेर दाखवलं तर लोक हसतील आपल्याला. सोडा."

सरांनीच त्यांना नोकरीत कायम केलं होतं. जीभ रेटेना. त्यांनी पानावर तिरकी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'नमुना अशुद्ध'.

सहा वर्षांनी दुसऱ्याच कुणी तसाच प्रयोग छापला. मागोमाग एन्झाइमचे स्फटिक करून, त्यांवर क्ष-किरण टाकून खरा आकारही दिसला: दोन भाग कमरेशी एकमेकांत गुंतलेले, हातपाय फाकलेले, फुलीसारखे. सर त्या शोधपत्रिकेचा अंक घेऊन धावतच आले.

"काकू, बघा! काय डोकं चालवलंय लोकांनी!"

"मी दाखवलं होतं तुम्हाला, सर."

"केव्हा?"

सर खरोखर आठवून पाहत होते. त्यात लबाडी नव्हती, हेच काकूंना जास्त लागलं.

"तुमचा काहीतरी घोळ होतोय," ते मायेने म्हणाले. "तुम्ही बोलला असतात, तर मी सोडलं असतं का?"

वही कपाटातच होती. काकूंनी ती काढली नाही. त्या पानावर त्यांच्याच अक्षरात त्यांच्याविरुद्ध लिहिलेलं होतं.

घरी नवरा म्हणाला, "मग तूच छापायचं होतंस की." सरांच्या होकाराशिवाय मदतनिसाला काही छापता येत नाही, हे सांगत न बसता काकूंनी ताटं वाढायला घेतली.

जुन्या चित्राबरोबर सरांचं कामही संपलं. वर्षभरात थंड खोली दुसऱ्या विभागाने घेतली आणि काकूंची बदली पाणी तपासणीत झाली.

"आधी काय करत होतात?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"एन्झाइम काढत होते."

"बरं. बाटल्यांना लेबलं लावाल ना?"

"लावीन," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची पुढे ओढून बसल्या.