मास्टर्स कर, सीट तुझीच

दर वर्षी बारावीचा निकाल लागला की कुणीतरी पालक मला शाळेच्या गेटवर गाठतात. "मिस, मुलीला डेंटलला नाही मिळालं. आधी बी.एस्सी., मास्टर्स केलं तर फायदा होतो का हो?" मी अबू धाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका शाळेत बायॉलॉजी शिकवते, तेव्हा मला ठाऊक असणार असं त्यांना वाटतं. ठाऊक आहेच, चांगलंच ठाऊक आहे. मी म्हणते, "फोन काढा. कॉलेजला लावा. आत्ता, माझ्यासमोर." ते हसतात. "नाही, आमच्या ओळखीचे एक जण आहेत, ते म्हणत होते..." ओळखीचे! माझं डोकं तिथेच फिरतं.

आमच्याही ओळखीचे होते. बाबा आणि ते काका लग्नाआधी रुवैसच्या तेल कंपनीच्या कॅम्पात एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. पुढे दोघेही अबू धाबीत आले, आणि त्यांची मुलगी आणि मी एकाच बाकावर बसून शाळा संपवली. दोघींना डेंटिस्टच व्हायचं होतं. बारावीला दोघींचेही मार्क थोडक्यात कमी पडले, म्हणून दोघी पुण्याला जाऊन बी.एस्सी. करून आलो. परत येताना विमानात आम्ही ठरवलं, क्लिनिक एकत्र काढायचं. पाटीवर आधी कुणाचं नाव, यावरून शारजावर विमान घिरट्या घालेपर्यंत भांडलो.

आलो तेव्हा २००८ ची मंदी घराघरात शिरली होती. दर शुक्रवारी कुणीतरी गाशा गुंडाळून भारतात परत जायचं आणि जाताना आपलं सामान वाटून जायचं. आमच्या किचनमध्ये तीन मिक्सर जमले होते. बाबांचा पगार निम्म्यावर आला. काकांची तर नोकरीच गेली, पण माणूस खटपट्या, लगेच दुसरी मिळवली. रास अल खैमाच्या फ्री झोनमध्ये तेव्हा भारतातल्या कॉलेजांच्या शाखा निघत होत्या. त्यातल्या एकीसाठी विद्यार्थी गोळा करायचे, प्रत्येक ॲडमिशनमागे कमिशन.

असेच एका शुक्रवारी सकाळी ते मुलीला घेऊन आले. आईने थालीपीठं लावली. "नुसत्या बी.एस्सी.ला कोण विचारतंय आता?" काका म्हणाले. "डेंटलवाले मॅच्युरिटी बघतात. दोन वर्षं आमच्याकडे मास्टर्स कर, मग सीट तुझीच. इन्शाल्ला वगैरे नाही, पक्की!"

"आणि ही?" मी विचारलं. ही माझ्या शेजारीच बसून दह्यात थालीपीठ बुडवत होती.

"ही पण करणार की! पुढच्या बॅचला. आत्ता शारजात एका लॅबमध्ये लागतेय. घराला तेवढाच हातभार."

तिने मान खाली घालून घास गिळला.

ते गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "एकदा डेंटल कॉलेजला फोन करून विचारूया." बाबांचा चेहराच बदलला. "आपला माणूस घरी येऊन सांगतोय, आणि तू परक्याकडून खात्री करून घेणार? त्याच्या कानावर गेलं तर काय वाटेल त्याला?" आमच्यात हे असंच. फ्लॅट, शाळा, गाडीचा मेकॅनिक, मुंजीचे गुरुजी, सगळं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि सांगणाऱ्याच्या मागे चौकशी करणं म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखं. फोन काही झाला नाही.

रास अल खैमात मी हॉस्टेलला राहिले. खिडकी उघडली की सिमेंटची धूळ, बंद केली की उकाडा. गुरुवारी संध्याकाळी बसने घरी यायचं, शनिवारी परत. मी जीव तोडून अभ्यास केला हो! ती फोन करायची. लॅबमध्ये कसा कंटाळा येतो ते सांगायची आणि मग हळूच, "ए, दात किडवणाऱ्या बॅक्टेरियाचं जरा समजाव ना. तुझं मायक्रो चांगलं आहे." मी म्हणायचे, "तुला गं कशाला?" "असंच. लॅबमध्ये लागतं." मी आपली हॉस्टेलच्या दुमजली पलंगावर आडवी होऊन तासन्‌तास तिला समजावायचे. वाटायचं, चला, पुढे हिलाही उपयोगी पडेल.

मास्टर्स झालं. फाइल छातीशी धरून डेंटल कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसात गेले. काउंटरवरच्या बाईंनी माझे कागद पाहिले, पुन्हा पाहिले. मास्टर्सचं सर्टिफिकेट त्यांनी उघडलंसुद्धा नाही. "बारावीला फार वर्षं झाली, हबीबती. चार वर्षांच्या आतली लागते." मी म्हटलं, पण माझं मास्टर्स? त्या म्हणाल्या, त्याला इथे वेगळे मार्क नाहीत. आणि मग अगदी मायेने, "बी.एस्सी. झाल्या झाल्या आली असतीस तर त्या मार्कांवर बसलं असतं." खलास.

बाहेर आले तर कॉरिडॉरमध्ये ती. पांढरा एप्रन, हातात मेणाचा कोरलेला दात. मला बघून तिने तो दात मुठीत लपवला. जणू तेवढंच लपवायचं राहिलं होतं!

"बाबांनी सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुला कळलं असतं तर बाकीच्यांना पण कळलं असतं. मग त्यांच्याकडे कोण आलं असतं? सॉरी यार."

मी एवढंच विचारलं, "मायक्रोमध्ये पास झालीस?"

तिने मान हलवली. झाली होती.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. काकांचं एक सोडा, ते कमिशनवर होते. पण हिला मी शिकवलं होतं.

घरी येऊन मी आकाशपाताळ एक केलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, पण स्वतःच्या पोरीला मात्र सरळ रस्ता, असं काय काय बोलले. बाबा म्हणाले, "त्याची नोकरी गेली होती गं. अडचणीत माणूस..." मी म्हटलं, "आणि मी? मी कोण होते?" त्यावर ते पाणी प्यायला उठले. त्या वर्षीच्या गणपतीला आरतीचं ताट बाबांनी पहिलं काकांच्याच हातात दिलं. मी स्वयंपाकघरात मोदकांपाशी उभी राहून टाळ्या ऐकल्या.

तिचं क्लिनिक निघालं. आमच्या घरापासून चार सिग्नलवर. पाटीवर एकच नाव आहे. मी वळसा घालून शाळेत जाते.

गेल्या महिन्यात संध्याकाळी शाळेतून आले तर आई आरशासमोर. पुढचे पडलेले दोन दात पुन्हा जागेवर. मी विचारलं, कुठे केलेस? तर म्हणाली, "तिच्याकडेच. हात किती हलका आहे गं तिचा! तुझी चौकशी करत होती. आणि पैसे घ्यायलाच तयार नाही. शेवटी आपलीच माणसं." मग माझ्याकडे वळून तोंड उघडलं. "बघ ना, कसे बसलेत."

मी पाहिलं. काम चांगलं होतं, अगदी मी केलं असतं तसं.

"मीट तोंड, आई," मी म्हटलं.