टेपवाल्या मावशीचा ठसा

मावशी माणसाच्या चेहऱ्याकडे नंतर बघायची, आधी पायांकडे. लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला की बाकीच्या बाया त्याचा रंग, नाक, बाशिंग बघत. मावशी माझ्या कानाशी लागून म्हणायची, "चौपन्नच्या फ्रेमचा हाय. पाय लांबडे, पाठ आखूड. ह्याला बाजारातली सायकल बसायचीच न्हाई." शिवणकामाची टेप तिच्या गळ्यात तिथेही असायची. मंगळसूत्र आणि टेप एकमेकांत गुंतायची आणि पंगतीत बसल्यावर ती गुंता सोडवत बसायची.

आम्ही मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे. वडील जालन्याला सळयांच्या कारखान्यात कामाला लागले आणि आम्ही औद्योगिक वसाहतीमागच्या गल्लीत राहायला आलो. समोरच बंडूमामाचं वर्कशॉप होतं. मावशी ही त्याची थोरली बहीण. नात्याने आमचे कोणीच नव्हते, पण गल्लीला ते मामा आणि मावशीच होते. मामा शर्यतीच्या फिक्स सायकलींचे भाग बनवायचा. गोल ट्रॅकवर धावणाऱ्या या सायकलीला ब्रेक नसतो आणि तिचं पायडल मोकळं सुटत नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. मामा मागच्या चाकाचे दातेरी चक्के लेथवर कापायचा, नळ्या जोडून फ्रेम उभी करायचा. माल पुण्याच्या एका दुकानदाराकडे जायचा आणि तिथे त्यावर दुकानदाराचं इंग्रजी नाव चढायचं.

मावशी शाळांचे गणवेश शिवायची. सायकलीशी तिचा संबंध आला तो मुलींमुळे. फ्रेमचं माप काढताना भिंतीला पाठ लावून, मांड्यांमध्ये पुस्तक धरून उभं राहावं लागतं आणि टाचेपासून पुस्तकापर्यंत टेप लावावी लागते. मामासमोर एकही मुलगी तशी उभी राहीना. मग मावशी टेप घेऊन आली. मामाने तिला फिक्स सायकल समजावायला सुरुवात केली, तर तिने त्याला मधेच थांबवलं. "अरे, ही तर माझ्या पायमशीनसारखीच हाय की! चाक फिरून राह्यलं तोवर पायडल हलणारच. पाय आडवा घातला का मंग सुई तुटती. मला काय शिकवतो?" त्या दिवसापासून मापाचं खातं तिचं झालं. पुढे पुढे पुरुषही तिच्याकडेच मापाला येऊ लागले आणि लाजायची पाळी त्यांची आली.

तिला एकच गोष्ट खटकायची. एकदा पुण्याचे ते दुकानदार शेठ माल बघायला आले होते. तिने चहाचा कप त्यांच्या हातात देतानाच विचारलं, "शेठजी, लेकरू आमचं आन् नाव तुमचं, हे कवर चालायचं?"

शेठ हसले. "मावशी, माल झकास आहे. पण त्यावर 'जालना' लिहिलं तर घेईल कोण? जालना म्हटलं की लोकांना सळया आठवतात."

"मंग बराबर हाय ना. सळई वाकत न्हाई म्हणूनच लोक घर बांधतेत तिच्यावर!"

शेठनी रिकामा कप खाली ठेवला. जाताना ते म्हणाले, "एक काम करा. राज्य स्पर्धेत तुमच्या नावाची सायकल उतरवा. पहिल्या तिघांत आली, तर पुढचा सगळा माल तुमच्या नावाने ठेवतो. नाही आली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"बिलकुल," मावशी म्हणाली. मामाने कपाळाला हात लावला.

स्वार म्हणून तिने मला निवडलं. मी तेव्हा अकरावीत होते आणि शाळेच्या सायकल शर्यती जिंकत आले होते. माप द्यायला वडील सोबत होते. ते म्हणाले, "आक्का, वाढतं अंग हाय पोरीचं. एक माप मोठी बनवा, दोन वर्षं तरी पुरंल." आमच्याकडे चपला, स्वेटर, दप्तर सगळं असंच घेतात. मावशीने तर सारी हयात गणवेशाच्या शिलाईत जादा कापड दुमडून ठेवण्यात घालवली होती. तिला ते लगेच पटलं. मामा कुरकुरला, पण दोघांपुढे त्याचं चाललं नाही. फ्रेम झाली. गल्लीतल्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने तिच्यावर लाल अक्षरांत 'जालना' काढलं. लोक पाहायला आले.

अंबड रस्त्याला सकाळी सराव सुरू झाला आणि मला कळलं की माझे हात हँडलपर्यंत पोचत नाहीत, मी त्यावर लोंबकळतेय. खांदे भरून यायचे. वेग वाढला की बूड सीटच्या टोकावर सरकायचं. पायडल तर थांबवता येत नाही. एकदा वळणावर माझा तोल गेला आणि मी बाभळीच्या काट्यांत जाऊन पडले. मागून बंडूमामाच्या स्कूटरवर बसून आलेली मावशी उतरली. मला वाटलं, आधी ओरडेल. तिने माझे काटे काढले, टेप माझ्या पाठीला लावली, मग दंडाला.

वर्कशॉपमध्ये आल्यावर म्हणाली, "बंडू, ही फ्रेम बाजूला टाक. दुसरी कर."

"आक्का, डोकं फिरलं का तुझं? हे लोखंड हाय, पोलकं न्हाई उसवून शिवायला! स्पर्धा तोंडावर आली."

"चूक माझी हाय. कापडात जागा ठेवली तर उद्या उसवता येती, लोखंडात न्हाई येत. पोरगी आज पळणार हाय, मंग आजच्याच अंगाचं माप घेऊ. उद्याचं उद्या बघता येतंय."

वडील तिथेच उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "मीच मागितली होती मोठी." मावशी म्हणाली, "तुमी मागितली, पण कापली मी. चला, जल्दी नळ्या धरा." कारखान्यातून आलेले माझे वडील त्या दिवशी घरी न जाता मामाला नळ्या धरून देत होते.

नवी फ्रेम लहान, आटोपशीर दिसायची. तिच्यावर बसले आणि हात आपोआप हँडलवर गेले. शेवटी पेंटरने पुन्हा 'जालना' काढलं. या वेळी बघायला कोणी आलं नाही. रंग पुरता वाळायच्या आत आम्ही पुण्याला निघालो.

ट्रॅकवर बाकीच्या मुलींच्या सायकलींवर परदेशी नावं होती. एकीने माझी अक्षरं वाचून मैत्रिणीला कोपराने ढोसलं. शेठ गॅलरीत येऊन बसले होते. शर्यत सुरू झाली आणि मी बराच वेळ घोळक्याच्या मधोमध अडकले. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा पुढे चौघी होत्या. एवढ्यात गॅलरीतून ओळखीचा आवाज आला, "मशीन थांबवू नको पोरी! शिव! शिवत ऱ्हा!" साऱ्या गॅलरीत हशा पिकला. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच खांदे सैल झाले. तिरप्या वळणावर ट्रॅकच्या वरच्या बाजूने सुटले. एक मागे पडली, मग दुसरी, तिसरी. चौथीच्या बरोबरीने आले आणि रेषेच्या अलीकडे तिचं चाक माझ्या नजरेआड झालं.

पहिली आले होते. मी थांबेपर्यंत अर्धी फेरी गेली, कारण ही सायकल एकदम थांबत नाही. परत आले तेव्हा वडील रडत होते आणि दोन प्रशिक्षक माझी सायकल उलटी करून वेल्डिंगवर बोट फिरवत होते.

शेठ खाली आले. "मावशी, जिंकलात. नाव राहू द्या."

"राहू द्या न्हाई शेठजी, आता जरा मोठं करा म्हणा."

पुढच्या मालासाठी मामाने 'जालना' नावाचा पोलादी ठसा बनवून घेतला. रंग उडतो, स्टिकर सोलून निघतो, ठसा निघत नाही, असं मावशीचं म्हणणं. पहिल्या चक्क्यावर हातोडा तिनेच मारला. पदर खोचून, दोन्ही हातांनी. 'ना' जरा तिरका उमटला. मामा म्हणाला, हा बाजूला ठेवू. ती म्हणाली, "का म्हणून? जाऊ दे पुण्याला. दात बराबर हायेत त्याचे."

खेळाडूंसाठीच्या राखीव जागेवर मला पुण्यात कॉलेजला प्रवेश मिळाला. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. पदवीचा कागद मिळाला तेव्हा आईवडिलांच्या पाया पडले, आणि मग मावशीच्या.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. ट्रॅकवर मणिपूरचा एक मुलगा चाक काढून चक्का पुसत बसला होता. चक्क्यावर आमचा ठसा होता. मी थबकले. हिंदीत विचारलं, कसा आहे? तो म्हणाला, एकदम पक्का, संघातले सगळे हाच वापरतात. मग त्याने ठशावरून अंगठा फिरवला. "बस, ये जालना कहाँ की कंपनी है, पता नहीं. जापान की होगी."

"मेरा गाँव है," मी म्हणाले. एरवी कोणी विचारलं की मी 'संभाजीनगरजवळ' असं जोडून सांगते. त्या दिवशी ते जोडायची गरज वाटली नाही.